अंतराळातला कचरा खाली आणायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

नोव्हेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात चीनच्या तियानगोंग अंतराळस्थानकावरचे तीन अंतराळवीर परतीच्या तयारीत होते. ऐनवेळी त्यांचं परतणं लांबलं. ज्या शेनझोऊ-२० यानातून ते उतरणार होते त्याच्या खिडकीच्या काचेला बारीक तडे गेलेले दिसले. कचऱ्याचा एखादा कण आदळला असावा, असा अंदाज निघाला. नऊ दिवसांनी दुसऱ्या यानातून तिघंही सुखरूप उतरले.

अशी बातमी आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो. माणूस चंद्रावर जाऊन आला, मग पृथ्वीभोवतीचा कचरा साफ करायला काय अडचण आहे? मोठं जाळं सोडा, चुंबक फिरवा, गोळा करा आणि खाली आणा. प्रश्न रास्त आहे. घोटाळा ‘साफ करणं’ या शब्दात आहे, कारण तो ऐकला की डोळ्यांसमोर झाडू येतो. वर झाडण्यासारखं काही पडलेलं नसतं. तिथला प्रत्येक तुकडा बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट वेगाने धावत असतो आणि त्याचा तो वेगच त्याला वर ठेवतो. त्यामुळे कचरा काढायचा म्हणजे त्याचा वेग काढून घ्यायचा. जाळं, हारपून (दोरी बांधलेला भाला), यांत्रिक हात, लेझर अशा सगळ्या युक्त्यांचा शेवट तिथेच होतो.

वर आहे तरी काय?

माणसाने वर पाठवलेली, आता निकामी झालेली आणि तरीही पृथ्वीभोवती फिरत राहिलेली कुठलीही वस्तू म्हणजे अंतराळ कचरा. त्यात बंद पडलेले उपग्रह आले, उपग्रह सोडून रिकामे झालेले रॉकेटचे वरचे टप्पे आले, स्फोट आणि टकरींतून उडालेले तुकडे आले, रंगाचे पोपडेसुद्धा आले. मार्च १९५८मध्ये सोडलेला व्हॅनगार्ड-१ हा चिमुकला अमेरिकी उपग्रह १९६४पासून मुका आहे, पण फिरतो आहे तो आजही.

युरोपीय अंतराळ संस्थेच्या अंदाजानुसार १० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या वस्तू चाळीस-पन्नास हजारांच्या घरात आहेत. चालू उपग्रहही त्यातच धरले आहेत. १ सेंटिमीटरपेक्षा मोठे तुकडे १० लाखांहून जास्त आणि मिलिमीटरभर आकाराचे कण १३ कोटींच्या आसपास.

यातल्या मोठ्या वस्तू रडारला दिसतात, त्यामुळे चालू उपग्रहाला बाजूला होता येतं. अगदी बारीक कणांसाठी चिलखत असतं: मुख्य भिंतीच्या पुढे थोडं अंतर सोडून एक पातळ पत्रा बसवतात. कण आधी पत्र्यावर आपटून स्वतःच फुटतो, त्याचा भुगा पसरतो आणि मागच्या भिंतीवर मार विखुरला जातो. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाचं सर्वांत भक्कम चिलखत साधारण १ सेंटिमीटरपर्यंतचा तुकडा झेलतं.

खरी पंचाईत १ ते १० सेंटिमीटरच्या तुकड्यांची आहे. ते बहुतेक रडारला दिसत नाहीत आणि चिलखताला थोपवता येत नाहीत. १ सेंटिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची गोळी जेमतेम दीड ग्रॅमची असते. समोरासमोरच्या टकरीत तिचा वेग सेकंदाला १० किलोमीटर धरला, तर तिच्यातली ऊर्जा ताशी ४० किलोमीटरहून थोड्या जास्त वेगाने येणाऱ्या टनभर वजनाच्या मोटारीएवढी भरते. आणि ही सगळी ऊर्जा बोटाच्या पेराएवढ्या जागेत उतरते.

मग हे खाली का पडत नाही?

खरं तर ते सतत पडतच असतं. ८०० किलोमीटर उंचीवरची वस्तू पृथ्वीकडे ओढली जाते, पण त्याच वेळी ती सेकंदाला साडेसात किलोमीटर पुढेही सरकते. ती जेवढी खाली येते तेवढी जमीन तिच्याखाली वळलेली असते. म्हणून पडणं कधी संपतच नाही. या फिरण्याच्या वाटेला कक्षा म्हणतात.

हा वेग खाणारी एकच गोष्ट तिथे आहे, ती म्हणजे अतिविरळ हवा. ४०० किलोमीटरवर ती वर्ष-दोन वर्षांत वस्तूला खाली ओढते. ५०० ते ६०० किलोमीटरवर हेच काम व्हायला काही वर्षांपासून पंचवीस-तीस वर्षांपर्यंत काळ लागतो. ८०० किलोमीटरवर शतकाहून जास्त. १,००० किलोमीटरच्या वर हजारभर वर्षं थांबायची तयारी हवी. सूर्य जोरात असला की वातावरण फुगतं आणि हा हिशेब थोडा आपल्या बाजूने झुकतो, एवढंच. म्हणजे खालचे थर आपोआप धुतले जातात आणि काळजी आहे ती ७०० ते १,००० किलोमीटरच्या पट्ट्याची.

आता एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा. ८०० किलोमीटरवर गोल फिरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला फक्त २०० मीटरने कमी केला, म्हणजे शंभरातले तीन भागसुद्धा नाहीत, की तिच्या वाटेचं दुसरं टोक सुमारे ८० किलोमीटरपर्यंत खाली येतं. पाऊण-एक तासात ती दाट हवेत शिरते आणि जळू लागते. अंतराळ स्वच्छ करण्यातलं भौतिकशास्त्र एवढंच आहे. अवघड आहे ते त्या वस्तूपर्यंत जाऊन तिला धरणं.

एकच यान पाठवून सगळं गोळा का करता येत नाही?

कारण कक्षा एकमेकींना वेगवेगळ्या कोनांत छेदतात. एक विषुववृत्ताजवळून जाते, दुसरी ध्रुवांवरून, तिसरी तिरपी. उंची एकच असली तरी वाटा अगदी वेगळ्या. एका वाटेवरून दुसरीवर जायचं तर आधीचा वेग मोडून नव्या दिशेला तेवढाच वेग घ्यावा लागतो. कक्षेचा कल, म्हणजे विषुववृत्ताशी असलेला तिचा कोन, फक्त १ अंशाने बदलायला सेकंदाला सुमारे १३० मीटर वेग खर्च होतो. १० अंशांना १,३०० मीटर. काटकोनात वळायचं तर सेकंदाला १० किलोमीटरपेक्षा जास्त, म्हणजे जमिनीवरून कक्षेत पोचण्याइतकंच जवळजवळ सगळं पुन्हा करायचं. तेवढं इंधन कुठलंच सफाई-यान पाठीवर घेऊन हिंडू शकत नाही.

यातून एक चांगली वाट मात्र निघते. पृथ्वी पूर्ण गोल नाही, तिचं पोट विषुववृत्तावर थोडं सुटलेलं आहे. त्या जादा वस्तुमानाच्या ओढीने कक्षांची पातळी (म्हणजे कक्षा ज्या सपाट प्रतलात असते ते) हळूहळू फिरते आणि उंचीनुसार हा फिरण्याचा दर बदलतो. सफाई-यान थोडं खालच्या उंचीवर नेऊन काही महिने नुसतं थांबवलं, तर त्याची पातळी आपसूक सरकत दुसऱ्या वस्तूच्या पातळीशी जुळते. इंधन वाचतं, वेळ जातो. पण हे दोन्ही कक्षांचा कल सारखा असेल तरच. म्हणून एका यानाने अनेक वस्तू काढायच्या योजना नेहमी एकाच कलाच्या समूहांवर बेतलेल्या असतात.

आधी मोठं की आधी छोटं?

नासाचे डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पाले यांनी १९७८मध्ये एक शोधनिबंध लिहिला. एका मर्यादेनंतर टकरींतून निघालेले तुकडेच पुढच्या टकरी घडवतील आणि नवं काही न सोडताही कचरा वाढत राहील, असं त्यात म्हटलं होतं. यालाच आज केसलर परिणाम म्हणतात. सिनेमात दिसतो तसा तो अर्ध्या तासात सगळं उद्ध्वस्त करणारा भडका नाही. तो दशकं आणि शतकं चालणारा, चक्रवाढ व्याजासारखा प्रकार आहे. म्हणूनच तो नजरेआड राहतो.

१० फेब्रुवारी २००९ रोजी त्याचा नमुना दिसला. सायबेरियावर ७८९ किलोमीटर उंचीवर चालू स्थितीतला इरिडियम-३३ आणि बंद पडलेला रशियाचा कॉसमॉस-२२५१ एकमेकांवर आदळले. सापेक्ष वेग सेकंदाला जवळजवळ १२ किलोमीटर. दोघांचं मिळून वजन दीड टनाच्या आसपासच होतं, पण मागोवा घेता येतील असे २,०००हून अधिक तुकडे मागे राहिले. त्याच्या दोन वर्षं आधी, जानेवारी २००७मध्ये, चीनने क्षेपणास्त्र चाचणीत आपलाच फेंगयुन-१सी उपग्रह साडेआठशे किलोमीटरच्या वर फोडला होता. त्याचे ३,०००हून अधिक तुकडे मोजले गेले.

आता विचार करा, टनभर वजनाचा उपग्रह पूर्ण फुटायला पाऊण-एक किलोचा तुकडा पुरतो. मग नऊ टनांच्या रिकाम्या टप्प्याचं काय होईल? सोव्हिएत काळापासूनच्या झेनिट रॉकेटचे असे टप्पे ८४० किलोमीटरच्या आसपास फिरत आहेत. २०२०मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासगटांनी मिळून सर्वांत धोकादायक ५० वस्तूंची यादी केली, तेव्हा वरच्या जागा जवळजवळ सगळ्या या झेनिट टप्प्यांनीच घेतल्या. युरोपचा आठ टनांचा एन्व्हिसॅटही तसाच. एप्रिल २०१२मध्ये त्याचा संपर्क तुटला आणि तेव्हापासून तो ७७० किलोमीटरच्या आसपास निर्जीव फिरतो आहे.

अशी दोन धुडं एकमेकांच्या वाटेत आली तर बाजूला कोण होणार? चालू उपग्रह हुलकावणी देऊ शकतो, मेलेले दोन देऊ शकत नाहीत. नासाचे शास्त्रज्ञ जे. सी. लिऊ यांच्या गणितानुसार, नवे उपग्रह काम संपल्यावर नेमाने खाली आणले आणि शिवाय दरवर्षी अशा सुमारे ५ मोठ्या वस्तू काढल्या, तर खालच्या कक्षांमधली वाढ थोपवता येते. लाखो तुकड्यांच्या प्रश्नाचं उत्तर वर्षाला पाच वस्तूंवर येतं, कारण उद्याचे लाखो तुकडे आज त्या थोड्या धुडांत बंद आहेत.

याला प्रतिवाद आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. २०२३च्या नासाच्याच एका खर्च-फायद्याच्या अहवालाने म्हटलं, की उपग्रह चालवणाऱ्यांना आज नुकसान होतं ते १ ते १० सेंटिमीटरच्या तुकड्यांमुळे. ते लेझरने काढले तर दशकभरात खर्च वसूल होईल. मोठ्या वस्तूंचा फायदा दिसायला मात्र कितीतरी जास्त काळ लागेल. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. तरीही माझा कौल मोठ्या वस्तूंना आहे, कारण त्या धरण्याची साधनं आज हातात येऊ लागली आहेत आणि एक झेनिट फुटला तर छोट्यांवर केलेली वर्षांची मेहनत एका दिवसात पाण्यात जाईल.

मेलेल्या उपग्रहाला धरायचं कसं?

अंतराळस्थानकाला यानं नेहमी जोडली जातात. मग यात नवीन ते काय? स्थानक स्थिर असतं, आपली जागा सांगतं, त्याच्यावर खुणेचे दिवे आणि जोडणीची तोंडं असतात. मेलेली वस्तू यातलं काहीच करत नाही. ती मूकपणे फिरते, बऱ्याचदा भोवऱ्यासारखी गरगरते, आणि तिला धरायला मूठ नसते, कारण बनवताना कुणी त्याचा विचारच केला नव्हता.

जपानच्या अंतराळ संस्थेसाठी ॲस्ट्रोस्केल कंपनीने केलेली ॲड्रास-जे मोहीम या सगळ्या पायऱ्या फार छान दाखवते. दीडशे किलोचं हे यान फेब्रुवारी २०२४मध्ये निघालं. लक्ष्य होतं २००९मध्ये उडालेल्या जपानी एच-२ए रॉकेटचा वरचा टप्पा: लांबी ११ मीटर, व्यास ४ मीटर, वजन तीन टन. अशा वस्तूची जागा जमिनीवरून मोजली की उत्तरात शेकडो मीटरांची, कधी किलोमीटरांची चूक राहते. म्हणून पहिला टप्पा फक्त अंदाजाच्या जागेपर्यंत जाण्याचा. मग यानाचे कॅमेरे तो ठिपका शोधतात. काळोखाच्या बाजूला साधा कॅमेरा आंधळा होतो, म्हणून उष्णता पाहणारा कॅमेरा लागतो. अजून जवळ गेल्यावर प्रकाशाचे झोत सोडून अंतर मोजणारं यंत्र काम हाती घेतं. चकाकत्या पत्र्यावरून झोत भलतीकडेच परततात, ही तिथली नेहमीची कटकट.

ॲड्रास-जेने जुलै २०२४मध्ये ५० मीटरवरून त्या टप्प्याभोवती फेरी मारली. पहिल्या प्रयत्नात काहीतरी खटकताच यान आपणहून मागे सरलं होतं. ३० नोव्हेंबरला ते १५ मीटरपर्यंत गेलं आणि तिथेही बिघाडाची चाहूल लागताच ठरल्याप्रमाणे दूर झालं. याला अपयश म्हणणं चुकीचं ठरेल. माघार घेता येणं हाच या कामातला सर्वांत मोलाचा गुण आहे. तीन टनांच्या धुडाशी धक्का झाला, तर कचरा काढायला गेलेलं यान स्वतः कचरा होतं.

या फेरीतून कळलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे टप्प्याच्या टोकाची कडी शाबूत आहे. प्रक्षेपणाच्या वेळी उपग्रह ज्या गोल कडीवर बसवलेला असतो ती कडी. रॉकेटच्या सगळ्या अंगात तीच सर्वांत मजबूत आणि आकार पक्का माहीत असलेली जागा. त्यामुळे यांत्रिक हाताने धरायचं ते तिथेच, असं ठरलं आहे. काही आराखड्यांत इंजिनाच्या नरसाळ्यासारख्या तोंडात दांडा घालून आतून फुलवायचाही विचार आहे. उपग्रहाच्या बाबतीत मात्र सौरपंखांना किंवा सोनेरी वेष्टनाला हात लावून चालत नाही, ते फाटतं आणि तुकडे उडतात.

धरलं की संपलं, असंही नाही. गरगरणाऱ्या वस्तूला धरणारं यान तिच्याबरोबर गरगरू लागतं. त्यामुळे यानाला आधी तिच्याच लयीत फिरावं लागतं, धरावं लागतं आणि मग आपल्या छोट्या इंजिनांनी दोघांचं फिरणं हळूहळू थांबवावं लागतं. फिरणं फार जोरात असेल तर जवळून चुंबकीय क्षेत्र लावायची कल्पना आहे. वस्तूच्या धातूत विजेचे भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि हात न लावता ब्रेक लागतो.

जाळं आणि हारपून दुरून फेकता येतात, म्हणून गरगरणाऱ्या वस्तूसाठी ते सोयीचे वाटतात. ब्रिटनच्या सरे विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या रिमूव्हडेब्री यानाने सप्टेंबर २०१८मध्ये काही मीटरवरचं नमुन्याचं लक्ष्य जाळ्यात पकडलं. फेब्रुवारी २०१९मध्ये त्यानेच दीड मीटर दांड्याच्या टोकावरच्या पाटीत सेकंदाला २० मीटर वेगाने हारपून घुसवला. हारपून पाटीत रुतला, पण धक्क्याने दांडाच मोडला. पाटी उडून गेली नाही ती केवळ दोरी बांधलेली होती म्हणून. या दोन्ही पद्धतींची कमजोरी दोरीतच आहे. दोरीने ओढता येतं, ढकलता येत नाही. यानाचं इंजिन थांबलं की ताणलेली दोरी सैल पडते आणि मागचं टनावारी वजन हळूहळू यानाच्याच अंगावर येतं. शिवाय जुन्या टप्प्यात दाबाखालची टाकी असेल आणि हारपून तिच्यातच घुसला, तर स्फोट आपणच घडवला असं होईल.

सर्वांत सोपी पकड चुंबकाची, पण त्यासाठी वर जाणाऱ्या उपग्रहावर आधीच लोखंडाची चकती बसवलेली हवी. एल्सा-डी या २०२१च्या प्रयोगात ॲस्ट्रोस्केलने १७ किलोचा सोबती सोडून चुंबकाने परत पकडून दाखवला. पुढच्या वर्षी यानाची निम्मी इंजिनं निकामी झाली आणि गरगरत्या सोबत्याला पुन्हा धरायचा प्रयोग राहून गेला. चुंबकाने दगा दिला नव्हता, इंजिनांनी दिला.

हात न लावता काम होईल का?

छोट्या तुकड्यांसाठी लेझर हा एकमेव पटण्यासारखा उपाय आहे. लेझरने तुकडा जाळायचा नसतो. झोताचा ठोका पृष्ठभागाचा केसाहून पातळ थर वाफ करून उडवतो. वाफ एका दिशेला उडते, तुकडा उलट दिशेला ढकलला जातो. तो क्षितिजावरून आपल्याकडे येत असतानाच ठोके द्यायचे, म्हणजे धक्का समोरून बसून वेग घटतो. तो डोक्यावरून पुढे गेल्यावर मारले तर उलट वेग वाढेल. अडचण नेमाची आहे. चार मीटर व्यासाच्या आरशातून सोडलेला झोतही १,००० किलोमीटरवर पोचेपर्यंत अर्धा मीटर रुंद होतो, आणि मधली हवा त्याला थरथरवते ते वेगळंच. आणि मुळात जो तुकडा रडारला दिसत नाही त्याच्यावर नेम धरायचा कसा? आधी दृष्टी सुधारायला हवी.

लेझरचा एक कमी बोलला जाणारा उपयोग मात्र फार आशादायक आहे. दोन मेलेली धुडं उद्या आदळणार असं दिसलं, तर त्यातल्या एकाच्या वेगात सेकंदाला १ मिलिमीटरचा फरक पुरतो. चोवीस तासांत त्याची जागा पाव किलोमीटरने सरकलेली असते. कचरा कमी होत नाही, पण टक्कर टळते.

विजेच्या दोरीची कल्पना सुंदर आहे: लांबलचक वाहक दोरी सोडायची, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना तिच्यात वीज वाहते आणि उलट दिशेने ओढ बसते. इंधन शून्य. जपानने २०१७च्या सुरुवातीला ७०० मीटरची दोरी सोडायचा प्रयत्न केला, ती उलगडलीच नाही.

पंख्यासारखं उघडणारं शीड खालच्या कक्षांत खात्रीचं आहे. सव्वातीन किलोच्या इन्फ्लेटसेलने २०१७मध्ये १० चौरस मीटरचं शीड उघडून ५०० किलोमीटरवरून ७२ दिवसांत खाली येऊन दाखवलं. ८०० किलोमीटरवर हवाच इतकी कमी की शीड उघडूनही वाटच बघावी लागते.

खाली पडताना कुणाच्या डोक्यात पडलं तर?

छोटे उपग्रह पूर्ण जळून जातात. मोठ्यांच्या इंधनटाक्या, टायटॅनियमचे भाग आणि जाड पोलाद उरतं. मार्च २०२४मध्ये अंतराळस्थानकावरून तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या बॅटऱ्यांच्या सांगाड्याचा ७०० ग्रॅमचा तुकडा फ्लोरिडात एका घराचं छप्पर फोडून आत शिरला. म्हणून मोठी वस्तू नेम धरून, दक्षिण प्रशांत महासागराच्या निर्जन पट्ट्यातच पाडायला हवी. नेम धरायचा तर वेग एका झटक्यात कमी करावा लागतो. नऊ टनांचा झेनिट आणि दीड टनाचं यान यांना ८०० किलोमीटरवरून असं पाडायला नेहमीच्या रासायनिक इंजिनाला सात-आठशे किलो इंधन लागेल. विजेवरची इंजिनं फार थोड्यात भागवतात, पण त्यांचा जोर नाजूक. महिनोन्‌महिने घिरट्या घेत खाली यायचं आणि शेवटी कुठे पडेल ते हातात नाही.

जळण्याचाही हिशेब मांडायला लागणार आहे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थितांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या एका थरातल्या, गंधकाम्लाच्या कणांपैकी सुमारे १० टक्क्यांत उपग्रह आणि रॉकेटमधून आलेले धातू सापडले. जुनी पाच धुडं वर्षाला जाळली तर त्यात फारसा फरक पडत नाही, मात्र हजारो नव्या उपग्रहांचा पडतो.

दुसऱ्याच्या मालकीचा कचरा

समुद्रात बुडालेलं जहाज बाहेर काढणाऱ्याला मोबदला मागता येतो. अंतराळात तशी सोय नाही. १९६७च्या बाह्य अवकाश करारानुसार वस्तूवर नोंदणी करणाऱ्या देशाचा अधिकार कायम राहतो, ती मेली असली, फुटली असली तरी. म्हणजे झेनिटला हात लावायचा तर रशियाची परवानगी हवी. १९७२च्या उत्तरदायित्व कराराने पुढची गाठ मारली आहे: काढताना चूक होऊन तुकडे उडाले आणि कुणाचं नुकसान झालं, तर काढायला गेलेलाही जबाबदार धरला जाऊ शकतो. म्हणूनच आजवरच्या मोहिमा आपापल्याच वस्तूंकडे जातात.

त्यात संशयाची भर. दुसऱ्याच्या उपग्रहाजवळ जाऊन त्याला धरू शकणारं यान लष्करी कामालाही चालतं. जानेवारी २०२२मध्ये चीनच्या शिजियान-२१ने बंद पडलेला बेइदोऊ हा चिनी दिशादर्शक उपग्रह भूस्थिर कक्षेच्या (जिथला उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी दिसतो) वर ओढून नेला. तंत्र म्हणून ती मोठी कामगिरी होती, पण इतर देशांच्या लष्करांनी ती वेगळ्या नजरेने पाहिली. यावर एकच उपाय आहे: कुठे, केव्हा, कशाला जातोय ते आधी जाहीर करायचं आणि चित्रं सगळ्यांना दाखवायची.

पैशाचा प्रश्न तर उघडाच आहे. युरोपीय अंतराळ संस्थेने क्लिअरस्पेस-१ या मोहिमेसाठी २०२०मध्ये ८.६ कोटी युरोंचा करार केला, तो रॉकेटच्या ११२ किलोच्या एका सुट्या भागासाठी. पहिल्या खेपेला खर्च येणारच. पण ज्याने वस्तू वर सोडली त्याला ती काढायचा खर्च आधीच ठेवीसारखा भरायला लावल्याशिवाय हे काम सरकारी प्रयोगांच्या पुढे जाणार नाही.

नवा कचरा थांबवला की पुरे नाही का?

पुरे नाही, पण ते आधी करायला हवं. मेलेल्या टप्प्यांत उरलेलं इंधन आणि भरलेल्या बॅटऱ्या वर्षांनंतरही फुटतात. म्हणून काम संपताच टाक्या मोकळ्या करायच्या आणि बॅटऱ्यांतली वीज काढून टाकायची, हा साधा नियम आता बहुतेक देश पाळतात. काम संपल्यावर २५ वर्षांत खाली या, हा जुना दंडक होता. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये तो ५ वर्षांवर आणला. २०२३मध्ये त्याच आयोगाने डिश कंपनीला दीड लाख डॉलर दंड केला, कारण तिचा एकोस्टार-७ भूस्थिर कक्षेच्या ३०० किलोमीटर वर न्यायचा ठरलं असताना १२२ किलोमीटरवरच सोडला गेला. इंधनाचा अंदाज चुकला होता.

नीट केलं तर काय होतं, तेही दिसलं आहे. भारत-फ्रान्सचा टनभर वजनाचा मेघा-ट्रॉपिक्स-१ हा ८६७ किलोमीटरवर होता आणि शतकभर तिथेच राहिला असता. त्याच्या टाकीत सव्वाशे किलोच्या आसपास इंधन उरलं होतं. इस्रोने २०२२च्या ऑगस्टपासून टप्प्याटप्प्याने त्याची कक्षा खाली आणली आणि ७ मार्च २०२३ला तो प्रशांत महासागरावर पाडला. तो असं पाडण्यासाठी मुळात बनवलेलाच नव्हता.

आणि क्लिअरस्पेस-१चं पुढे काय झालं? ज्या सुट्या भागाला आणायला ती जाणार होती, त्याच्याजवळ ऑगस्ट २०२३मध्ये नवे तुकडे दिसले. त्यालाच कुठलातरी कचरा आदळून गेला असावा. पुढच्या वर्षी लक्ष्य बदललं: आता ती युरोपच्या ९४ किलोच्या प्रोबा-१ उपग्रहाकडे जाणार आहे. हा उपग्रह २२ ऑक्टोबर २००१ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३ने वर नेला होता. त्या रॉकेटचा चौथा टप्पा दोन महिन्यांनी, १९ डिसेंबरला, उरलेल्या इंधनामुळे कक्षेत फुटला आणि त्याचे ३००हून अधिक तुकडे झाले. नंतरच्या उड्डाणांत टाकी मोकळी करायची पद्धत आली. प्रोबा-१ मात्र अखंड आहे, त्याचा आकार माहीत आहे, आणि त्याचे मालक त्याला खाली आणायला तयार आहेत.